बिनफोडणीचा मुळा

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५
पहाटे गार. शुभांगीने गोधड्या उन्हात टाकल्या. गोपालने वांग्यांना पाणी दिले. लाइट दोनला गेली, साडेचारला आली. मुळ्याचे चार वाफे दोन आठवड्यांत निघतील म्हणाला. गिरजाबाई सात वाजता टी.व्ही. पाहायला आल्या. मालिकेत आज हल्ला झाला. जवान पहाटे चहा करत होते. चहात साखर पडायची होती.

कस्तुराबाईंची डायरी अशीच असते. बाराव्या वर्षी अकोल्याच्या कॉन्व्हेंटात बोर्डिंगला असताना एका सिस्टरने त्यांच्या हातात वही दिली आणि सांगितलं, "घडलं ते लिही. का घडलं ते देव जाणे, त्याच्या कामात तू लुडबूड करू नकोस." ती शिस्त त्यांनी आजतागायत मोडली नाही. आता त्या ऐंशीच्या आहेत. पत्र्याच्या पेटीत अडुसष्ट वह्या आहेत आणि त्यांत पाहुणे, भाजी, दूध, जावळं, आजारपणं, विहिरीचं पाणी सगळं आहे. रडणं कुठेही नाही. दुसरी एक सवय अशी की लिहिलेलं पान त्या परत कधी वाचत नाहीत. झालं ते झालं.

मालिका दिवाळीनंतर सुरू झाली, शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी सातला. बासष्ट सालची लढाई. बर्फातली एक चौकी, तिथे बसलेले पंचवीस-तीस जवान, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना डोंगरावरून उतरून आलेली फौज. घरात ती फक्त कस्तुराबाईंसाठी लागायची, कारण त्यांचे यजमान चंपतराव त्या लढाईत होते. एकवीस वर्षांचे होते. पकडले गेले, शत्रूच्या छावणीत सहा महिने कैदेत राहिले, सुटून आले आणि उरलेली साठ वर्षं त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात गेले, तेव्हाही बोलले नाहीत.

गिरजाबाई शेजारच्या वावरातल्या. त्यांचाही भाजीपाल्याचाच धंदा. टी.व्ही. त्यांच्याकडेही आहे, पण एकटीनं लढाई पाहण्यात मजा नाही असं त्यांचं म्हणणं. त्या खाटेवर मांडी घालून बसत आणि सगळी लढाई स्वतः चालवत.

"अरे मांगं पाय, मांगं! येऊन राह्यले ते! हा काहून चिठ्ठी वाचून राह्यला आता?"

"मावशी, त्याले आयकू नाही येत तुमचं," सून शुभांगी म्हणायची.

"त्याले नाही येत, पन त्याच्या सायबाले त येते ना! तो त पार दूर बसला, ऊबेत."

कस्तुराबाई हसायच्या, पण त्यांची नजर दुसरंच काही शोधत असे. हिरो कोण, खलनायक कोण, याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. मागे उभ्या असलेल्या, नाव नसलेल्या जवानांकडे त्या पाहायच्या. त्यातला एखादा बारीक, गालफडं वर आलेला दिसला की तो दृश्यातून बाहेर जाईपर्यंत त्या पापणी लववत नसत.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपल्या नवऱ्याच्या पोटात काय होतं, ते. कारण साठ वर्षं त्याच्यासोबत राहून, त्याला आपण आवडलो की नाही हे त्यांना कळलं नव्हतं.

त्यांना मात्र तो लग्नाआधीपासून हवा होता. त्याचं असं झालं की कस्तुराबाईंचे वडील जऊळक्याला स्टेशनमास्तर होते. मॅट्रिक होऊन त्या नुकत्याच क्वार्टरवर राहायला आल्या होत्या. बासष्टच्या डिसेंबरात वडिलांच्या यंत्रावर एक तार कडकडत आली. वडिलांनी ती कागदावर उतरवली. 'बेपत्ता'. मग टोपी घालून, स्वतःच चालत, ते स्टेशनामागच्या माळ्यांच्या घरी गेले. कस्तुरा मागोमाग गेली. चंपतची आई सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. तार ऐकून तिनं हातातली जुडी पुरती बांधली, गाठ मारली आणि मग खाली बसली. त्या रात्री सतरा वर्षांच्या कस्तुरानं, न पाहिलेल्या माणसासाठी, कॉन्व्हेंटातली येईल ती प्रार्थना म्हटली आणि घरातल्या देवापुढेही दिवा लावला. वहीत लिहिलं, 'माळ्यांच्या घरी चूल पेटली नाही.'

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी तार आली. सुटका. ती तार घेऊन वडील जवळजवळ पळतच गेले.

चंपत परतला तो डाव्या पायाची दोन बोटं बर्फात ठेवून. फौजेनं त्याला घरी पाठवलं. स्टेशनावरच्या चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "काय गा चंपत, तुमी बंदुका खाली ठिवल्या म्हन्ते?" तो चहा अर्धा टाकून उठायचा. पुढे त्यानं टपरीवर जाणंच सोडलं. स्टेशनमास्तरांना मुलगा आवडला होता, जात एकच होती. त्यांनी मुलीला विचारलं. "शिकलेली आहेस, वावरात राहशील का?" तिनं वाक्य पुरतं व्हायच्या आत हो म्हटलं.

लग्न चौसष्टच्या डिसेंबरात झालं, आणि पाचव्या दिवशी सासूनं नव्या सुनेला चूल दिली. रिवाजच होता तो. सुनेचा पहिला स्वयंपाक घरच्या वाफ्यातल्या भाजीचा. सासूनं सकाळीच पांढरेशुभ्र मुळे उपटून, धुवून, सुपात आणून ठेवले आणि ती कौतुकानं बाहेर जाऊन बसली.

कस्तुराला स्वयंपाक येत होता तो बोर्डिंगच्या भटारखान्यातला. तिथे भाजी चकत्या करून, मीठ घालून पाण्यात उकडायचे. तेच तिला स्वच्छ आणि सभ्य वाटायचं. तिनं मुळा तसाच केला. आणि नवरा फौजी, मोठा माणूस, म्हणून ज्वारीच्या भाकरीऐवजी सणासुदीचा भात रांधला. आधी त्याच्यापुढे पान मांडलं. पांढरा भात, त्यावर पांढऱ्या पाण्यातल्या पांढऱ्या चकत्या.

चुलतसासू म्हणाली, "हे काय वं? दवाखान्यातलं जेवन?"

सगळे हसले. चंपत हसला नाही. त्यानं पानाकडे पाहिलं. दोन घास घेतले. तिसरा हातातच राहिला. मग तो उठला, मोरीवर हात धुतला आणि वावरात निघून गेला.

"भाजीत काय चुकलं?" तिनं सासूला विचारलं.

"मले नाही मालूम. त्याले विचारू नको." सासूच्या आवाजात राग नव्हता, पण एकोणीस वर्षांच्या मुलीला तो रागच वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मुळ्याचे दोन्ही वाफे उपटून म्हशीपुढे टाकले. कस्तुरा खिडकीतून पाहत होती. तिनं मनाशी धरलं ते धरलं. या माणसाला कॉन्व्हेंटवाली पोर नको होती. वडील तार घेऊन गेले, त्या उपकारापोटी त्यानं गळ्यात बांधून घेतली.

त्यानंतर त्या वावरात मुळा लागला नाही. पंचेचाळीस दिवसांत हातात येणारं पीक, शेजारीपाजारी सगळे लावायचे. गिरजाबाईंचे मालक बांधावरून ओरडायचे, "चंपतभाऊ, मुया काहून नाही लावत? सोनं आहे सोनं!" चंपतराव एवढंच म्हणायचे, "जमीन मानत नाही." कस्तुराबाई फोडण्या शिकल्या, ठेचा शिकल्या, वऱ्हाडी मसाला अख्ख्या आळीला करून देऊ लागल्या. चंपतराव पुढ्यात येईल ते मान खाली घालून खायचे. छान झालंय असं कधी म्हणाले नाहीत आणि वाईट झालंय असंही नाही. भात तेवढा नको म्हणायचे. "भाकर दे," एवढंच. वऱ्हाडात कोणाला त्याचं नवल वाटणार? थंडीत त्या त्यांच्या पायाला तिळाचं तेल चोळायच्या. जिथे बोटं नव्हती तिथे चंपतराव त्यांचा हात क्षणभर धरून ठेवायचे. मग सोडायचे. कस्तुराबाईंना वाटायचं, दुखत असेल.

ते गेल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात मुलानं, गोपालनं, भीत भीत विचारलं, "आई, यंदा मुया लावू का?" त्या म्हणाल्या, "लाव की. पाहू, जमीन मानते का." जमिनीनं असा मानला की पोर हरखून गेलं.

७ डिसेंबरच्या रविवारी पहिली काढणी झाली. मुळे धुऊन, जुड्या बांधून, सोमवारच्या मंडीसाठी ओल्या पोत्याखाली ठेवले. दोन जुड्या कस्तुराबाईंनी मागून घेतल्या. गेले आठ दिवस त्यांच्या मनात चाललं होतं. एकदा नीट करायचा. हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, लसणाची खरपूस फोडणी. खाणारा नाही, पण हातून झालेली चूक तरी सुधारेल.

सात वाजता गिरजाबाई आल्या. मालिकेतली लढाई आता संपली होती. गोळ्या संपल्या, मदत आली नाही, उरलेल्यांना धरून नेलं. पडद्यावर छावणी होती. मातीची भिंत, भिंतीवर कोळशानं ओढलेल्या दिवसांच्या रेघा. रांगेत उभ्या जवानांच्या ॲल्युमिनियमच्या वाडग्यात कोणी पळीनं काही टाकत होतं. कॅमेरा जवळ गेला. भाताचा लगदा. त्यावर पाणी. पाण्यात पांढऱ्या चकत्या.

"आज भी मूली?" एक जवान म्हणाला, आणि बाकीचे थंडीनं फुटलेल्या ओठांनी हसले. मग रेघा वाढत गेल्या, आणि दर रेघेला तोच वाडगा.

"मुया आहे का वं तो?" गिरजाबाईंनी विचारलं.

"मुयाच आहे," शुभांगी म्हणाली.

"बिनफोडनीचा! रोज रोज! अवं, ढोरंही नाही खानार..."

रांगेतला बारीकसा, नाव नसलेला जवान वाडगा तोंडाशी नेत होता. खाली ठेवत होता. पुन्हा नेत होता.

कस्तुराबाई उठल्या.

"आई, अजून संपलं नाही," शुभांगी म्हणाली.

"पाहा तुम्ही."

आतल्या खोलीत त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. चौसष्टची वही तळाशी होती, दोऱ्याची शिवण सुटलेली. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी लिहिलेलं पान परत उघडलं.

'मंगळवार, ८ डिसेंबर १९६४. माझा पहिला स्वयंपाक. उकडलेला मुळा, भात. हे दोन घास घेऊन उठले.'

हे पाठच होतं. खालचं पाठ नव्हतं.

'बुधवार, ९ डिसेंबर. ह्यांनी मुळ्याचे वाफे उपटले, म्हशीला घातले. दुपारी भाकरी, भरली वांगी मी केली. ह्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. चौथी मागितली, पीठ संपले होते.'

त्या पुन्हा वाचू लागल्या. अक्षर त्यांचंच होतं, वळणदार, सिस्टरनं घोटवलेलं. चौथी मागितली. वांगी त्यांनीच केली होती, पानाच्या कडेला तेलाचा डागही होता. सगळं घडलं तसं लिहून ठेवलं होतं आणि एकसष्ट वर्षं ते पेटीच्या तळाशी होतं.

अहो, एक शब्द, त्या मनात म्हणाल्या. मी काही तुम्हाला चौकी कशी पडली ते विचारत नव्हते. 'मुळा नको' एवढं म्हणाला असतात, तर मी जन्मभर पीठ कमी पडू दिलं नसतं.

बाहेर मालिका संपल्याचं संगीत वाजलं. गोपाल दारात आला.

"काय शोधून राह्यली, आई? बरं नाही का?"

"बाबा तुला कधी बोलले होते? मुळ्याचं?"

"जमीन मानत नाही म्हनत. अजून काय?" तो थोडा घाबरला. "काहून? पुढच्या खेपेले लावू नको का?"

त्यांनी वही मिटली.

"लाव. पीक चांगलं आहे. विकायचा तेवढा विक."

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर दोन जुड्या पाणी गळत पडल्या होत्या. पाटीत खाली तीन वांगी होती. शुभांगीनं भात टाकायला तांदूळ मोजले होते, ते त्यांनी परत डब्यात ओतले.

"गिरजाबाई, थांबा जरा. रिकाम्या हातानं जाऊ नका. हा मुळा न्या."

"बाप्पा! हा त तुमी करनार होत्या!"

"तुम्हीच करा. फोडणी सढळ हातानं घाला."

जेवणं झाल्यावर त्या नेहमीसारख्या वही घेऊन बसल्या. तारीख घातली. पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं, तिथे शाईचा ठिपका झाला. मग त्यांनी लिहिलं:

दोन जुड्या मुळा गिरजाबाईंना दिला. रात्री भाकरी, भरली वांगी. चार भाकरी जास्तीच्या केल्या; उरल्या.