जर्मनीची मशेरी

भट्टीपाशी घटकाभर बसलं की एक तरी किस्सा पदरात पडतोच. मी तर जर्मनीहून रत्नागिरीत परतल्यापासून भिकाजी लोहारांच्या भट्टीवरच ठाण मांडून आहे. माझ्याकडचे किस्से विचारूच नका! आणि सगळे एकाच बरणीचे.

बरणीत होती टायटॅनियम बोराइडची करडी भुकटी. तिथल्या प्रोफेसरांनी निरोप देताना दिलेली. तिच्यात थोडं लोखंड मिसळून टिकली दाबायची, आणि बोराइड वितळू न देता धगीने कणाला कण जुळवायचा. अशी टिकली पोलादही कापते! बरणी संपेपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर मुंबईच्या गिरणीत नोकरी, असं मी काकांना कबूल केलं होतं.

* * *

पहिल्याच दिवशी मी भाषण ठोकलं. "भिकाजीदादा, आपल्या देशाची हत्यारं आपण घडवणार! त्याची पहिली ठिणगी इथे..."

"पडेल, पडेल. आधी भाता ओढा, भाऊ!"

* * *

भुकटी आणखी बारीक हवी होती. दोन दिवस खलून हात सुजले. काकूंनी चिमूटभर बोटांत चोळून पाहिली.

"ह्याला बारीक म्हणतात जर्मनीत?" लुगड्याचा धुवट तुकडा पुढे करून म्हणाल्या, "वस्त्रगाळ कर!"

माझी डिग्री त्या लुगड्यातून गळून गेली!

* * *

तापल्यावर हवा लागली की भुकटी जळते, म्हणून टिकली मुशीत ठेवून झाकण मातीने लिंपलेलं. मला दम कुठला! भट्टीभोवती येरझाऱ्या घालून घसा सुकला. पाणी प्यायला वळलो, तोच भिकाजींनी झाकण काढलं! आत सगळी राख.

"अहो, काय केलंत?"

"शिजलं का बघितलं!"

* * *

एका सकाळी पाहतो तर बरणीच्या तळाशी जेमतेम एका टिकलीपुरती भुकटी! पडवीत काका गाल धरून बसलेले.

"तुझी जर्मनीची मशेरी भारी कडक हो! चार दिवस लावतोय. दात लखलखतात, पण पाणी प्यायलं की झिणझिण्या!"

* * *

शेवटची टिकली निघाली ती काळी, ओबडधोबड. आधीच्या सगळ्या बोटांत चुरल्या होत्या. भिकाजी म्हणाले, "कानस मारून बघतो." मी म्हटलं, "मारा, फुटणारच आहे," आणि ट्रंक भरायला घरी गेलो.

दुसऱ्या सकाळी ट्रंक घेऊन अंगणात उतरतोय, तर भिकाजी धापा टाकत समोर!

"तुमच्या टिकलीने माझी कानस खाल्लीन!"

"आणि टिकली?"

"तिला काय धाड भरल्ये? ओरखडा नाही!"

बंदरावर बोटीचा भोंगा झाला. काकू ओरडल्या, "अरे, बोट चुकेल!"

"चुकू दे!" मी कानस उन्हात धरली. एकही दात शिल्लक नव्हता!

काकांनी ती माझ्या हातातून घेतली, जिभेने आपले दात चाचपले आणि म्हणाले, "हिनेपण तीच मशेरी लावलीन वाटतं!"