आमच्या ग्रामसभेनं आज ओपन जिम नाकारली

मंडळी, तासाभरापूर्वी ग्रामसभेतून घरी आले आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. शिरूर कासार तालुक्यातल्या एका लहान गावात मी ग्रामपंचायत सदस्य आहे.

यंदाच्या कामांच्या यादीत आमच्या गावाला ओपन जिम आली होती. ती कुणीच मागितली नव्हती. "वरूनच ठरून आलंय," ग्रामसेवक म्हणाले.

तेवढ्यात मागं बसलेल्या कौसाबाई उठल्या. त्या मेंढरं राखतात, सभेत कधी बोलत नाहीत.

"साहेब, आमी दिवसभर मेंढरामागं चालतो. आमाला व्यायाम कशाला? जनावरांसाठी पाण्याचा हौद द्या. उन्हाळ्यात लई हाल होतात त्यांचे."

"बाई, ते माझ्या हातात न्हाई."

मग मीच विचारलं, "गावातली कामं ठरवायचा अधिकार ग्रामसभेला हाय ना? मग ठराव लिहा. जिम नको, हौद पाहिजे."

हात वर झाले, बायकांचे सगळ्यात आधी. ग्रामसेवकांनी तिथूनच तालुक्याला फोन लावला. फोन ठेवून म्हणाले, "ठराव असंल तर काम बदलता येतं म्हणतात." त्यांनी ठराव लिहिला आणि सूचक म्हणून कौसाबाईंचं नाव घातलं. कौसाबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं.

दिल्लीकडं किती अधिकार आणि मुंबईकडं किती, यावर टीव्हीवर रोज वाद चालतो. पण ग्रामसभेचा जो अधिकार आहे, तो आज आमच्या गावानं वापरला, आणि मला लई अभिमान वाटतोय.

तुमच्या गावात मागची ग्रामसभा कधी झाली? तुमी गेलता का?