काळ्या स्क्रीनसमोरचा रेडिओ

आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमधल्या रिपोर्टच्या खोलीत एका गृहस्थांना सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण डाव्या कानात कायम इअरफोन. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते आहे. तपासणीच्या यंत्रांतून आकडे कॉम्प्युटरवर येतात. ते ज्या त्या पेशंटच्या नावापुढे बसवायचं काम त्यांचं. मग मी कागद छापते, शिक्का मारते आणि पाकिटात घालून पाठवते. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी बरोबर उलटी. माझ्या जिभेला हाड नाही हे सासू म्हणते ते सोडा, माझी आईसुद्धा म्हणायची. "मजा आहे बुवा तुमची, गाणी ऐकत नोकरी!" असं मी त्यांना रोज एकदा तरी ऐकवायचेच. ते नुसते हसायचे.

एका दुपारी त्यांच्या स्क्रीनची वायर माझ्या पायात अडकून निघाली. स्क्रीन काळी ठिक्कर. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि बघते तर काय, गृहस्थ आपले टकाटक टाइप करताहेत. एक रिपोर्ट झाला, दुसरा झाला.

"अहो, स्क्रीन बंद आहे तुमची."

त्यांची बोटं जागच्या जागी थांबली. चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं, आता चक्कर येऊन पडतात.

"ताई," ते हळूच म्हणाले, "जरा जिन्यात येता?"

जिन्यात त्यांनी सगळं सांगितलं. चार वर्षांपासून नजर कडेकडेनं बंद होत आली होती. आधी पाइपातून बघावं तसं दिसायचं, आता त्या पाइपचं तोंडही बुजत आलं होतं. समोर माणूस उभा आहे इतपत कळायचं, अक्षर नाही. खोलीतल्या वाटा पावलं मोजून पाठ केलेल्या. टेबलापासून दारापर्यंत अकरा, तिथून पाण्याच्या पिंपापर्यंत सहा. आणि कानात गाणी कधी नव्हतीच. कानात होता स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम. त्यांनी मला एकदा ऐकवला. इतक्या वेगानं बोलत होता की मला एक शब्द कळेल तर शपथ.

"घरी?" मी विचारलं.

"बायकोला माहीत आहे. मुलीला नाही. इथं कळलं तर खुर्ची गेलीच समजा. दरवर्षी फॉर्मवर 'नजर ठीक' म्हणून सही करतो मी, ताई."

मी कुणाला सांगितलं नाही. माझ्यासारखीच्या पोटात एवढी मोठी गोष्ट राहिली, याचं मला आजही नवल वाटतं.

तेव्हापासून त्यांची भीती थोडी माझीही झाली. आमच्या कॉम्प्युटरांवरची ऑपरेटिंग सिस्टीम ओपन सोर्स आहे. तिचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा, मालक असा एक नाही. हा बोलणारा प्रोग्राम तिच्यासोबतच येतो. तो सांभाळतात जगभरातली चार टाळकी, मोकळ्या वेळात, हौसेनं. त्यातही रोज खरं लक्ष घालणारा एकच, कुठल्याशा दूरच्या गावातला निवृत्त शिक्षक. आम्ही त्याला 'मास्तर' म्हणायचो. लोक जेवताना घरच्या कुरबुरी सांगतात, हे मला मास्तरांच्या बातम्या सांगायचे. मास्तर आजारी आहेत. मास्तरांनी नवा आवाज घातला. आणि मग एक दिवस डबा न उघडताच म्हणाले, "ताई, सिस्टीमच्या नव्या व्हर्जनमध्ये स्क्रीनवर चित्र काढायची पद्धतच बदलणार आहे. जुनी पद्धत काढून टाकताहेत. मास्तरांचा प्रोग्राम त्या जुन्या पद्धतीवर उभा आहे."

"मग मास्तर काय म्हणतात?"

"म्हणतात, मी एकटा आहे, काम चालू आहे, नवीन व्हर्जन घ्यायची घाई करू नका."

घाई आम्ही करणारच नव्हतो, पण आमचा आयटीवाला करणार होता. त्यानं भिंतीवर कागद चिकटवला: जुन्या व्हर्जनची सुरक्षा संपते आहे, सोमवारी सगळी मशीनं बदलणार. त्या कागदासमोरून हे रोज जायचे आणि रोज मला विचारायचे, "अजून आहे का तो?" कागद जागेवरच असायचा.

आदल्या आठवड्यात त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर नवं व्हर्जन चढवून पाहिलं. प्रोग्राम बोलला! शुक्रवारी सकाळी आले ते हसतच. पत्रं वाचतो, बातम्या वाचतो, सगळं वाचतो म्हणाले. इथंच घोडं पेंड खात होतं, पण तेव्हा ते ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या. घरी पत्रं होती. पत्र एकदा उघडलं की जागचं हलत नाही. आमची पेशंटची यादी दिवसभर हलत असते.

सोमवारी मशीनं बदलली. दहा वाजता त्यांनी कानात इअरफोन घातला आणि मी श्वास रोखून बघत राहिले. त्यांनी मान हलवली. बोलतोय. त्या दिवशी चहा त्यांनी पाजला, वर बिस्किटंही.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी कागद छापत होते. एक रिपोर्ट हातात आला आणि मला खुदकन हसूच आलं. सात वर्षांची मुलगी, आणि तपासणी प्रोस्टेटची. "अहो रेडिओ," मी म्हटलं, "पोरीला म्हातारा करून टाकलात की!"

बोलून गेले, आणि मग मी तो कागद परत वाचला. ही चूक हसण्यासारखी होती म्हणून दिसली. साखर तर सगळ्यांचीच तपासतात. त्यातली चूक कुणाला दिसणार होती?

त्यांनी इअरफोन कानात नीट दाबून बसवला. मला त्यांच्या यादीतली नावं वाचायला सांगितली आणि स्वतः एकेक ओळ खाली जात राहिले. मध्येच वर नवा नमुना आला, सगळी यादी एक ओळ खाली सरकली. जुना प्रोग्राम अशा वेळी लगेच नवं नाव सांगायचा; हा कानात गप्प, ते म्हणाले. त्यानं जे नाव आधी वाचलं होतं, त्या जागी आता वरचा पेशंट आला होता आणि त्याचा पत्ताच आवाजाला नव्हता. आवाज एका माणसावर, आकडा दुसऱ्याच्या नावावर. डोळे असलेल्याला हे चटकन दिसलं असतं. त्यांना कसं दिसणार?

"कालपासून किती गेले बाहेर?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

मग मी काय बोलले ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी म्हटलं, "कुणाला काही बोलू नका. मी एकेक काढून तपासते, गुपचूप बदलून टाकू." मला त्यांची खुर्ची दिसत होती, त्यांची बायको दिसत होती. पेशंट दिसत नव्हते.

ते म्हणाले, "वॉर्डात साखर उतरवायचं इंजेक्शन चार वाजता देतात, ताई. आपल्या आकड्यावर."

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. ते उठले आणि मोठ्या डॉक्टरबाईंच्या केबिनकडे निघाले. दारापर्यंत अकरा पावलं. पण आयटीवाल्यानं नव्या मशीनांचे रिकामे खोके वाटेतच रचून ठेवले होते. सातव्या पावलाला ते त्यांत अडकून हातापायांवर पडले. खोली हसली. "अहो रेडिओ, बघून चालावं माणसानं!" कुणीतरी म्हणालं.

ते गुडघ्यांवरच होते. म्हणाले, "मला दिसत नाही. चार वर्षं झाली. कालपासूनचे सगळे रिपोर्ट थांबवा."

हसणारे उठून उभे राहिले. मग सगळे एकदम फोनकडे धावले. एक्केचाळीसपैकी नऊ चुकीचे निघाले. एका आजीबाईंच्या नावावर दुसऱ्याच माणसाची चारशेची साखर गेली होती. वॉर्डात फोन लागला तेव्हा नर्सनं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं होतं.

डॉक्टरबाई त्यांना म्हणाल्या, "दिसत नाही हा तुमचा गुन्हा नाही. सही करत राहिलात, तो आहे." घरी बसायला सांगितलं. ते दारातून बाहेर पडताना मात्र म्हणाल्या, "हे यंत्र बरोबर बोलतं हे मला दाखवा, मग बघू."

आमच्या रेडिओंनी त्याच संध्याकाळी मास्तरांना सगळं लिहिलं, काही न लपवता. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं. मास्तरांनी लिहिलं होतं: मला वाटायचं, लोक यावर पत्रं वाचतात. यावर कुणाचा जीव अवलंबून असेल असं कधी मनातच आलं नाही. तुमचं पत्र आल्यापासून झोप उडाली आहे.

तीन आठवड्यांनी मास्तरांनी दुरुस्ती पाठवली. डॉक्टरबाईंसमोर परीक्षा झाली. मी माझ्या मशीनवरून मुद्दाम खोटे नमुने चढवत होते, यादी सरकत होती, आणि दर वेळी आवाज नवं नाव सांगत होता. दोनशे वेळा. एकदाही चुकला नाही. बाईंनी कागदावर सही केली: कामावर घ्यावं, छापण्याआधी प्रत्येक रिपोर्ट छापणाऱ्या बाईनं, म्हणजे मी, स्क्रीनवर बघावा.

दुसऱ्या दिवशी ते आले, खुर्चीत बसले, कानात इअरफोन घातला. मला वाटलं होतं पुन्हा चहा पाजतील. पहिला रिपोर्ट आला. आवाजानं नाव सांगितलं असणार, कारण त्यांनी मान हलवली. पण बोट एंटरवर नुसतं टेकून राहिलं.

"ताई, कोण आहे?"

मी नाव वाचलं.

"परत बघा."

"तोच आहे हो."

बोट हललं नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी उठून त्यांच्या मागे उभी राहिले आणि नाव तिसऱ्यांदा वाचलं, आडनावासकट, वय, वॉर्ड, सगळं.

त्यांनी एंटर दाबलं. आणि लगेच मान वळवून विचारलं, "कुणाच्या नावावर गेलं?"