पाऊणपटीचं बेट

बाबांचा व्हिजिट व्हिसा संपायला आठ दिवस उरले होते. आई गेल्यापासून अलिबागला ते एकटेच. त्यांनी आता इथं आखातात, गुदैबियात आमच्याकडेच राहावं, असं मला फार वाटत होतं. ते ना हो म्हणत, ना नाही. म्हटलं, समुद्रावर गेले की खुलतील. शुक्रवारी बोटीने एका वाळूच्या बेटावर फिरायला जायचं ठरवलं. ओहोटीला वर येतं, भरतीला बुडतं, एवढंच ते बेट.

निघायचं कधी, हे बाबांनाच विचारलं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "चतुर्थी. चारची पाऊणपट तीन. तीनला पूर्ण भरती, म्हणजे नऊला पूर्ण ओहोटी." तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, अलिबागला हे गणित चुकलेलं मी कधी पाहिलं नाही. फोन मात्र उलटं सांगत होता, इथल्या समुद्राला नऊला पाणी चढत असेल. बाबा खरे की फोन? माझं डोकंच चालेना. शेवटी फोन खिशात टाकला आणि साडेआठची बोट सांगितली.

बेट होतं, पण जेमतेम शाळेच्या मैदानाएवढं. चपला काढून आम्ही रमतगमत निघालो. बाबा खुशीत शिंपले उचलत होते. फेरी मारून आलो तर चपलांची जागाच सापडेना. चुकलो म्हणून मागे फिरलो, पुन्हा पुढे आलो. चपला पाण्यावर डुलत होत्या.

"पाणी हटतंय," बाबा म्हणाले, तोवर ते घोट्याला लागलं. त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं. मग पुन्हा. मग माझ्याकडे पाहिलं. तो बावरलेला चेहरा मला बघवेना.

"यल्ला, यल्ला! खलास!" चला, चला म्हणून हात करत बोटवाला ओरडला.

बोटीत मी कबूल केलं, "बाबा, फोनवर दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. मग तुम्ही राहिला नसता."

ते पाण्यातून उचललेल्या चपला पुसू लागले.

"घरच्या माणसाला तोंडावर सांगतात रे, चुकतोयस म्हणून. 'हो'ला हो करतात ते पाहुण्याच्या."

व्हिसा वाढवू का, हे अगदी ओठांवर आलेलं मी गिळून टाकलं; तेही पाहुण्यालाच विचारतात.