देव पाण्यात असताना

“पोरगी गुणी आहे हो, पण रॉकेट असल्याशिवाय तोंड उघडत नाही,” शेजारच्या काकू आईच्या कानाशी म्हणाल्या. टीव्ही मोठ्याने चालू होता, तरी मला ऐकू आलं. माझी खुर्ची टीव्हीला लागूनच होती. दर उड्डाणाला ती तिथेच असते.

गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत क्रिकेटच्या फायनलला जमते तेवढीच गर्दी उड्डाणाला जमते, आणि तीही आमच्या हॉलमध्ये. बाबांना बातम्यांच्या वाहिन्यांवरचा आरडाओरडा नको असतो, त्यांना थेट नियंत्रण कक्षातला आवाज हवा. तो इंग्रजीत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. म्हणून तिथे कोण काय म्हणालं ते मी मराठीत सांगायचं. एरवी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत असते.

त्या दिवशी माझ्या मांडीवरच्या फोनमध्ये त्याच उड्डाणाचा पास होता. रॉकेट सोडतात त्या तळापासून थोड्या अंतरावर लोकांना बसून बघता यावं म्हणून गॅलरी आहे. नोंदणी सुरू झाली की जागा बघता बघता संपतात. मला एक मिळाली होती. मी कुठेतरी वाचलं होतं की तिथे आधी उजेड दिसतो आणि आवाज मागून येतो, छातीवर येतो. टीव्हीवर दोन्ही एकदमच येतात. पास मिळाल्याचं सांगायला मी तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तीनदा पाणी पिऊन परत आले. मग तो दिवसच उजाडला, आणि मी ठरल्या जागी बसले. पडद्यावर मधूनमधून ती गॅलरी दिसत होती. टोप्या, झेंडे, कुणाच्या तरी खांद्यावर बसलेली लहान मुलगी. तिथली एक जागा रिकामी असणार, हे आमच्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

उलटी मोजणी मध्येच थांबली. निवेदक काहीतरी बोलला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“थांबवलंय,” मी म्हणाले. “बिघाड सापडलाय. आज नाही उडणार.”

“एवढा गाजावाजा अन् उडालंच नाय?” तळमजल्यावरचे काका म्हणाले. ते मूळचे कळवणचे. “आमचा ट्रॅक्टर बरा. धक्का दिला की चालू.”

“मग जा ना तुम्ही धक्का द्यायला!” काकू म्हणाल्या, आणि सगळा हॉल हसला.

आत्या हसली नाही. ती बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. तिने त्या सकाळी देव पाण्यात ठेवले होते. काही मोठं मागणं असलं की देवघरातले देव पाण्यात ठेवायचे आणि मागणं पुरं होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत. माझ्या बारावीच्या निकालाला ठेवले होते, बाबांच्या ऑपरेशनला ठेवले होते. यान सुखरूप वर जाऊ दे, एवढंच तिचं या वेळचं मागणं. दुपारच्या जेवणाआधी देव जागेवर येतील असा तिचा अंदाज होता. आता बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि चांदीचे टाक तांब्याच्या घंगाळात बुडून बसले, आणि नवी तारीख कुणालाच माहीत नव्हती.

देव पाण्यात असताना घरातल्या कुणी मुक्कामाला बाहेर जायचं नाही, हा आत्याचा नियम. एरवी तिच्या सोवळ्याची थट्टा करणाऱ्या बाबांनीही घोटीला मित्राकडे राहायला जायचं रद्द केलं. “उगाच ते पडलंबिडलं तर ही जन्मभर मला बोलेल,” म्हणाले.

मी घरूनच नोकरी करते, त्यामुळे माझ्यासाठी काही बदललं नव्हतं. हेच मला त्या दिवसांत जास्त टोचत होतं. रोज सकाळी आत्या घंगाळातलं पाणी बदलायची आणि पलीकडच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडायचे. संध्याकाळी तो बंद करायचे. बाहेर पडलं तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, तेही काय हवं ते आईला विचारून.

मग नवी तारीख आली, रविवारची. त्यासोबत फोनवर एक ओळ आली: जुना पास चालेल. तळ चेन्नईपासून जवळ, म्हणून मी मुंबईहून चेन्नईचं विमानाचं तिकीट काढलं, आणि तेही कुणाला सांगितलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी बाबा वरच्या मजल्यावरून खुर्च्या आणवत होते. काकू पोह्यांचं विचारायला आल्या होत्या.

“हिची खुर्ची तेवढी हलवू नका,” आत्या म्हणाली. “ही नसली तर आपल्याला काय कळायचं? नुसता धूर बघत बसायचं.”

“आमची घरची निवेदिका आहे ती,” बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हलकेच टपली मारली.

ते कौतुकाने बोलत होते. कुणी रागावलं असतं तर मला सोपं गेलं असतं. रागावणाऱ्यासमोर गप्प राहता येतं आणि मनात भांडता येतं. कौतुक करणाऱ्याशी मनातसुद्धा भांडता येत नाही. पलंगाखाली माझी बॅग भरून ठेवलेली होती आणि सकाळची मुंबईची बस होती. आत्या घंगाळाशी वाकून देवांना सांगत होती, “आता तीनच दिवस हं.” काकू चप्पल घालायला लागल्या. त्या गेल्या की आई कुकर लावणार, बाबा बातम्या लावणार, आणि मी पुन्हा पाणी पिऊन खोलीत जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी टीव्हीजवळच्या खुर्चीवरून उठले.

“ही खुर्ची रविवारी दुसऱ्या कुणाला द्या,” मी म्हणाले. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. “मी उड्डाण बघायला तिथे जातेय. उद्या सकाळी निघते. आत्या, देव पाण्यात असले तरी.”