कारण: पालकांची इच्छा नाही

"तो तक्ता स्मरणिकेत छापायचा नाही, समिधा!"

"छापणार, गुरुजी. उद्या प्रेसमध्ये जातोय. तुमच्या फोटोच्या समोरच्याच पानावर."

"माझ्या सत्काराच्या अंकात माझीच बदनामी?"

"बदनामी कसली? आकडे आहेत. अक्षरही तुमचंच."

शेवटचं वाक्य तिने घरी आलेल्या गुरुजींना अगदी चव घेत ऐकवलं. खाडीकाठच्या शाळेत आत्माराम गुरुजींनी तीस वर्षं रजिस्टर लिहिलं होतं. बापाचा धंदा, चौथीचे गुण, शाळा सोडल्याचं कारण, सगळं छापल्यासारखं सुवाच्य. मुर्धा गावच्या समिधाने प्रबंधासाठी ते पानन् पान उतरवलं. बाप काय करायचा नि मुलगा पुढे काय झाला, याच्या जोड्या लावल्या. मग सारख्या गुणांची मुलं शेजारी शेजारी ठेवली, आणि तिचं डोकं तडकलं.

"गणितात साठाच्या वर, मिठागर मजुरांची पोरं एकेचाळीस. पाचवीला गेली तीन. पस्तीसही न मिळालेली मालकांची नि दुकानदारांची बावीस. त्यातली एकोणीस तुम्ही वर ढकललीत. कशी?"

"मजुरांनाच पोरं मिठागरावर हवी असायची. कारण लिहिलंय ना मी!"

"लिहिलंय की. अडतीस जणांपुढे एकच. 'पालकांची इच्छा नाही.'"

त्या अडतिसांत तिचे बाबा होते, दगडू. गणितात अठ्ठ्याऐंशी. दहाव्या वर्षी मिठागरात उतरले, खारट पाण्याने तळवे फाटेस्तोवर राबले. समिधाची दहावीची गणितं मात्र फावडं न ठेवता तोंडी सोडवायचे. त्यांच्या आईने शाळा सोडवली, हे मास्तरांनीच त्यांना सांगितलेलं. मागच्या वर्षी गेले, तेही आईशी धड न बोलता.

समिधाने रजिस्टरची झेरॉक्स गुरुजींपुढे सरकवली. बोट वडिलांच्या ओळीवर.

"हे पान काढ," गुरुजींचा आवाज उतरला. "काय हवं ते माग. कॉलेजात ओळख आहे माझी, नोकरीचं बघतो."

"मला काही नको. तिला विचारा."

दाराशी जवळा निवडत बसलेल्या शांताबाईने, दगडूच्या आईने, सूप बाजूला ठेवलं. पदराला हात पुसत ती उठली, थेट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, माजा पोर मरंस्तवर मनाच बोल लावीत र्‍हायला. मना कवा इचारलाव तुमी?"

गुरुजींनी झेरॉक्सकडे पाहिलं. आपल्याच अक्षराकडे. मग कोपऱ्यातली छत्री उचलली, चपला नीट न घालताच उंबरा ओलांडला आणि बांधावरून चालू लागले.