हातचे काका

नवी मुंबईत, महापेतल्या आमच्या थंडगार ऑफिसात, समोर दोन-दोन स्क्रीन असताना, कागदावर पेन्सिलीनं गुणाकार करणारा एकच माणूस होता. त्याला आम्ही हातचे काका म्हणायचो. नवीन गिऱ्हाइकांना ते आडनावच वाटायचं. ‘मिस्टर हातचे’ अशा मेल यायच्या आणि काका त्यांनाही बिनतक्रार उत्तरं द्यायचे.

आमचं काम आकडेमोडीचं. मोबाइलवरून तुम्ही काही पाठवलंत की ते तुम्हीच पाठवलंय हे पटवायला मशीन एक सही करतं. त्या सहीमागे शेकडो आकडी संख्यांचे गुणाकार असतात, आणि ते करणारा कोड आम्ही लिहायचो. एवढी संख्या मशीनच्या एका घासात मावत नाही. तिचे तुकडे करायचे, आणि तिसरीत शिकलो तसं तुकड्याला तुकड्यानं गुणत हातचा पुढच्या घरात न्यायचा. बस, एवढंच. पण त्या ‘एवढंच’मध्ये काकांचा जीव होता.

“हातचा शून्य असला तरी मिळवायचा,” हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं. मी विचारलं, शून्य मिळवून काय मिळतं? तर म्हणाले, “थांबून ‘हातचा हाय का नाय’ असं इचारलंस की टाइम बदलतो. तो टाइम मोजत कोन तरी बसलेला असतो गो. तेवढ्यावर तो तुझ्या सहीची चावी बनवल.” मी मान डोलावली. कळलं होतं निम्मंच.

काका घणसोली गावठाणातले. शेतं शहरात गेली, घराच्या वरच्या खोल्या भाड्यानं गेल्या, बोली तेवढी राहिली. डब्यात जवळा असला की जिन्यात बसून जेवायचे, “तुमच्या एसीला वास लागतो” म्हणून. आम्ही आत या म्हणायचो, तेही वरवरचंच. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

दुसऱ्याचा कोड तपासायचा तर काका आधी तो छापून घ्यायचे. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची खूण. “वाचलं म्हंजे पाह्यलं नाय,” असं म्हणत एकेक ओळ आकडे घालून चालवून बघायचे. कागद ऑफिसबाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून काम झालं की स्वतः कागद कापायच्या मशीनमध्ये घालून त्यांच्या चिंध्या करायचे. त्यांनी स्क्रीनवर एकदा मंजुरी दिली की आम्ही निर्धास्त.

मी तेव्हा प्रोबेशनवर होते. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, त्यांची कंबर गेलेली, आणि साताऱ्याहून आलेल्या आमच्या अख्ख्या घराचे डोळे माझ्या नोकरीकडे. मी गुणाकाराचा नवा, वेगवान कोड लिहिला. काकांनी चार दिवस घेतले, दोन चुका काढल्या, मला कानपिचक्या दिल्या आणि मंजुरी दिली. दुसऱ्या दिवशी ते पुतणीच्या हळदीला गेले. आगरी हळद म्हणजे गाव जागं, तिथं फोन कुणाला ऐकू येणार? आणि इकडे मला शहाणपणा सुचला. शेवटून दुसरी ओळ एक हातचा मिळवत होती. मी लाखो वेळा कोड चालवून पाहिला, तो हातचा दर वेळी शून्यच. म्हटलं, कशाला हे ओझं? काढून टाकली ओळ. वेग वाढला. आमच्या सिस्टिममध्ये तेव्हा एकदा मिळालेली मंजुरी नंतरच्या बदलालाही चालायची. त्यामुळे माझी कापाकापी काकांच्या नावाखाली पुढे गेली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

पाचेक महिन्यांनी तक्रार आली. क्वचित, अगदी क्वचित, खऱ्या माणसाची खरी सही मशीन खोटी ठरवत होतं. सगळे गुणाकाराच्या मागे लागले. मला पहिल्याच तासाला कळलं होतं, आणि मी मूग गिळून बसले होते.

शोधून काढलं काकांनीच. मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, “साधे आकडे नको. सगळे नऊ घे. हातचा कुठं मरतो ते नवालाच कळतं.” नवांच्या रांगेला नवांच्या रांगेनं गुणत ते घराघरानं पुढे सरकले आणि एका जागी पेन्सिल थांबली. “हितं. हातचा मिळवताना परत हातचा येतो, तो कोनी घेतलाच नाय. एक ओळ पायजे हितं.” ती ओळ त्यांनी सांगितली, मी टाइप केली. मी उडवलेली ओळ, अक्षरशः तीच.

मग ते स्क्रीनकडे बघत राहिले. “मी ही कशी नाय पाह्यली गो?”

तेव्हा बोलायचं होतं. मी घसासुद्धा खाकरला. आणि म्हणाले काय, तर “काका, चहा आणू?” जीभ झडली असती तर बरं!

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, “तपासलं कुणी होतं?” काका उभे राहिले. “मी. माझीच नजर चुकली.” जुन्या नोंदी उकरायची कुणाला गरजच वाटली नाही. महिन्याभरात काकांनी राजीनामा दिला. “दुसऱ्याचं काम तपासायला आपली नजर पक्की पायजे,” एवढंच म्हणाले. त्यांची जागा मला मिळाली. मी पेढे वाटले.

तीन वर्षांनी वाशीला काकी भेटल्या. काका कसे आहेत विचारलं तर त्यांचे डोळेच भरले. “शेजारची पोरं गनितं घेऊन यायची, त्यांना परत पाठवतात. दार लावलं तरी मला बघायला लावतात. म्हनतात, माझ्यावर भरवसा ठेवू नको.” त्या रविवारी मी घणसोलीला गेले आणि काकांना सगळं सांगितलं, एका दमात.

ते ओरडले नाहीत. “म्हंजे मी पाह्यलं तवा ओळ होती?”

“होती, काका.”

“नक्की होती?”

“नक्की.”

त्यांनी आत हाक मारली, “अगो, ऐकलंस का? होती ओळ!” मग माझ्याकडे वळले. “हापिसात सांगितलंस?”

“नाही, काका.”

“मंग हितं कशाला आलीस? माझं नाव तिथं हाय.”

सोमवारी मी सगळं लिहून काढलं आणि माझ्या नावानं त्या जुन्या तक्रारीखाली घातलं. साहेब वैतागले. “कशाला जुनं उकरतेस? काकांना आता काय फरक पडतो?” काय फरक पडतो ते मी त्यांना सांगितलं. तपासणीचं काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं, ते योग्यच झालं. साहेबांनी काकांना माफीचं पत्र पाठवलं. मी फोन केले, काकांनी एकही उचलला नाही. शेवटी काकींना केला.

“पोरं परत यायला लागलीत गो,” त्या म्हणाल्या. “शिकवतात, हसतात बी. पन तुझं नाव निघालं की उठून आत जातात.”